ही बाई मी नाही

गेल्या डिसेंबरात एका रात्री पावणेतीन वाजता मी लॅपटॉपवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा घासत बसले होते. वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर, "माझ्या शहरात पाणी येतं त्या रात्री माझी आई झोपत नाही." अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण या विषयात पीएचडी करण्यासाठी मी अर्ज भरत होते. त्या अर्जासोबत जो निबंध द्यावा लागतो, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, त्याची ही सुरुवात. ज्या मैत्रिणीला मसुदा पाठवला होता तिचा मेसेज आला होता : "पहिली ओळच कसली भारी आहे. घेतातच बघ तुला."

तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आलं. आईनं हाक मारली, "पिंप सरकव गं जरा." मी म्हटलं, "दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांची वीस झाली. 'झोपत नाही' बरं की 'जागी असते' बरं, यावर माझं अडलं होतं. बाहेर आले तेव्हा पिंप आईनं एकटीनंच सरकवलं होतं, भरलं होतं आणि वर झाकणही ठेवलं होतं.

आई काहीच बोलली नाही. ती अशा गोष्टींवर बोलत नाही. पण आई पाणी भरते यावर निबंध लिहिण्यात गुंग असल्यामुळे मी आईला पाणी भरायला मदत केली नाही, हे मला त्या रात्रीपासून टोचत राहिलं. हा लेख त्या टोचणीबद्दल आहे. प्रश्न साधा आहे : आपल्या माणसांच्या, आपल्या गावाच्या अडचणी आपल्या अर्जात लिहून आपण पुढे जायचं, यात काही चूक आहे का? असली तर नेमकी कुठे?



आधी माझ्याबद्दल थोडं. मी सोलापूरची. इंजिनिअरिंग इथंच केलं, नोकरी पुण्यातल्या कंपनीत लागली. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी आले आणि नंतर घरूनच काम चालू राहिलं. वय अठ्ठावीस. वडील यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे, आता घरी असतात. पैसे भरायच्या पानावरचं बटण दाबल्यावर मागे जे काही घडतं, ते लिहिणं हे माझं काम. पगार चांगला आहे. मग पीएचडी कशाला, असं वडील विचारतात. ते रास्तच आहे.

माझं उत्तर नळापासून सुरू होतं. सोलापूर शहराला पाणी येतं ते मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा धरला तरी पाणी कमी नाही. तरीही घरात नळ रोज वाहत नाही. चार-पाच दिवसांनी पाण्याची पाळी येते आणि सगळं घर त्या पाळीभोवती फिरतं. लग्नाची तारीख ठरवताना मुहूर्ताइतकीच पाण्याची पाळी बघणारं आमचं शहर आहे. धरण सुमारे ११० किलोमीटर लांब. थोडं पाणी जलवाहिनीतून येतं, थोडं नदीत सोडलं जातं आणि वाहत औज बंधाऱ्यापर्यंत येतं. वाटेत ते जिरतं, उन्हानं उडतं, उपसलं जातं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत सोलापूरचं नाव आलं. उजनीपासून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकण्याचं काम निघालं आणि पुढे वर्षानुवर्षं बातम्यांत राहिलं.

इंजिनिअर म्हणून मला हा पाइपांचा प्रश्न वाटायचा. मग हळूहळू लक्षात आलं की पाइप हा यातला सोपा भाग आहे. कुठल्या भागाला किती दिवसांनी, रात्री की दिवसा, किती वेळ पाणी द्यायचं हे कुणीतरी ठरवतं. ते कोण ठरवतं? १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले, त्यात पाणीपुरवठाही आहे. पण हे अधिकार राज्याचं विधिमंडळ महापालिकांना 'देऊ शकेल' अशी तिथली भाषा आहे, 'देईल' अशी नाही. या एका क्रियापदात किती शहरं अडकली असतील, हा विचार मला पहिल्यांदा चकित करून गेला. कोडमध्ये एखादी अट सैल राहिली की पुढे सगळं सैल चालतं, तसंच हे.

आणि हे शहर म्हणजे कारभाराशी संबंध नसलेलं शहर नव्हे. इथं १८५२ मध्ये नगरपालिका आली. ६ एप्रिल १९३० ला तिच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. त्याच मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी झाली. आम्ही शाळेत हे पाठ केलंय. त्याच शहराच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता, नगरसेवकच नव्हते. त्या काळात पाणी आलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची, हे आमच्या गल्लीला कळत नव्हतं. मला याचा अभ्यास करावासा वाटला. कायद्यात लिहिलेलं आणि नळाला येणारं यांच्यामध्ये जे घडतं, त्याचा.

हे झालं सांगण्यासारखं कारण. न सांगण्यासारखीही आहेत. मला कामाचा कंटाळा आलाय. नावामागे डॉक्टर लागलेलं मला आवडेल. आणि काही वर्षं लांब जायला मिळालं तर लग्नाचे विषय आपोआप मागे पडतील. अर्जात यातलं काहीच लिहिता येत नाही. तिथे फक्त तहान चालते, तीही दुसऱ्याची.



आता जी चूक माझ्याकडून झाली ती सांगते, कारण तिच्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही.

आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पाणी आलं की कुणीतरी "आलं" असं लिहितं. दीडेक वर्षापूर्वी मी आठ महिन्यांचे मेसेज काढले, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि शीट बनवली. ५२ वेळा पाणी आलं होतं. त्यातल्या १९ वेळा ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तासांहून जास्त उशीर. मी रंगीत तक्ता केला, उशिराचे दिवस लाल, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : "पाणी वेळेवर सोडलं जात नाही, हे आता आकडेवारीनं सिद्ध." अंगठे आले, टाळ्या आल्या. एका काकांनी लिहिलं, "आपल्या गल्लीची पोरगी."

पुढच्या पाळीला चावीवाले काका आले तेव्हा सात-आठ जणांनी त्यांना घेरलं. चावीवाला म्हणजे रस्त्यातला व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीनं उघडणारा माणूस. कुणी मोबाइलवर माझा तक्ता त्यांच्या तोंडासमोर धरला. एकानं आवाज चढवला. काका मोठ्यानं काही बोलले नाहीत. त्यांनी चावी फिरवली, पाणी सोडलं आणि पुढच्या चौकाकडे निघाले. मी घराच्या पायरीवर उभी होते. मला बरं वाटलं नाही, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. माझ्या तक्त्यानं काहीतरी घडलं होतं.

आठवड्यानं मी त्यांना टपरीवर गाठलं आणि विचारलं, उशीर का होतो? ते म्हणाले, "ताई, टाकी अर्धी असताना चावी फिरवली तर तुमच्या गल्लीला पाणी जाईल. तुम्ही खाली आहात. वरच्या गल्लीला नुसती हवा जाईल. टाकी भरेपर्यंत थांबलो तर दोघांना जातं. म्हणून थांबतो."

मी आठवून आठवून तारखा सांगितल्या. त्यांना पाठ होतं : त्या दिवशी वीज गेली होती, त्या दिवशी वाहिनी फुटली होती, त्या दिवशी टाकी भरलीच नाही. सगळे एकोणीस दिवस त्यांना आठवत नव्हते, पण बरेचसे आठवत होते. माझ्या तक्त्यात ज्याचा रंग लाल होता, तो एका माणसानं वरच्या गल्लीसाठी केलेला न्याय होता. माझ्या शीटमध्ये वरची गल्लीच नव्हती, कारण त्यांचा ग्रुप वेगळा.

आकडे खरे होते. बेरीज बरोबर होती. निष्कर्ष चुकला होता, आणि त्याचा मार माझ्यापेक्षा खूप कमी पगार असलेल्या माणसाला बसला होता. ऑफिसात माझ्या कोडमुळे काही बिघडलं तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो आणि पुढे जातो. माणसाला चारचौघांत खाली बघायला लावलं ते परत कसं घ्यायचं? मी ग्रुपवर माफीचा मेसेज टाकला. त्याला फारसे अंगठे आले नाहीत.

नंतर वाचताना मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाचं १९८० मधलं पुस्तक हाती लागलं, 'स्ट्रीट लेव्हल ब्युरोक्रसी'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शिक्षक, पोलीस, मदत कार्यालयातला कर्मचारी अशी लोकांच्या थेट समोर उभी असलेली माणसं अपुऱ्या साधनांत रोज जे छोटे निर्णय घेतात, तेच लोकांच्या दृष्टीनं सरकारचं धोरण असतं. धोरण वर कागदावर लिहिलं जातं आणि खाली रस्त्यावर ठरतं. मी वाचता वाचता थांबले. हे तर चावीवाले काकाच होते. आमच्या चौकात सार्वजनिक धोरण लोखंडी चावीनं फिरत होतं आणि मी त्याला 'उशीर' असं नाव दिलं होतं.

मित्र म्हणतात, कशाला पाच वर्षं घालवतेस, इथं राहून काहीतरी कर. त्यांना माझं उत्तर हेच आहे. काहीतरी करून बघितलं. न समजता केलेलं होतं ते.



तरी मूळ टोचणी राहतेच. समजून घेणं माझ्यासाठी आहे की त्यांच्यासाठी?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. ती सांगायची, सकाळी हातोडी घेऊन जायचं, संध्याकाळी ढीग मोजला जायचा. त्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे देशविदेशातल्या अभ्यासकांनी त्या योजनेवर लिहिलं, प्रबंध केले, पदव्या मिळवल्या. त्यातल्या कुठल्यातरी तक्त्यात माझी आजी एक आकडा म्हणून असेलही. तिला ते कधी कळलं नाही. तिच्या हातावरचे घट्टे मात्र मी पाहिलेत.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आजीच्या घट्ट्यांवर कुणीतरी प्राध्यापक झालं, असं म्हणता येईल. पण २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता, आणि अनुभव समोर असतो तो कुणीतरी लिहून ठेवलेला असतो म्हणून. आजीला त्या अभ्यासाचा उपयोग झाला नाही. आजीसारख्या दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी तीस वर्षांनी झाला असेल. अभ्यासाचं देणं बहुतेक वेळा असंच फिटतं, ज्याचं घेतलं त्याला नाही, तिसऱ्यालाच. हे मान्य करून पुढे जायला हवं. "माझ्या संशोधनानं माझ्या शहराला रोज पाणी मिळेल" असं माझ्या पहिल्या मसुद्यात जवळजवळ लिहिलेलं होतं. ते खोटं होतं, म्हणून काढलं.

दुसरं एक वाक्य काढायला जास्त त्रास झाला. "शिक्षण पूर्ण झाल्यावर परत येऊन मी माझ्या शहराची सेवा करेन." असं वाक्य अर्जात शोभून दिसतं. पण त्याला साक्षीदार कोण? मोडलं तर कुणाला उत्तर द्यायचं?

इथं मला बाबासाहेब आंबेडकर आठवत राहिले. १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी करार केला होता : परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. म्हणजे त्यांचं 'परत येईन' हे शोभेचं वाक्य नव्हतं, सहीचा कागद होता. १९१७ मध्ये ते परत आले, बडोद्याला गेलेही. पण त्या शहरात त्यांना राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत कसेबसे राहिले तर तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं. करार असूनही बडोदा सोडावं लागलं. ही गोष्ट आपण जातीच्या क्रौर्याची म्हणून वाचतो आणि ती तशीच आहे. माझी अडचण तिच्या जवळपासही जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यातून एक गोष्ट मला कळली : परत येणं एकट्याच्या वचनावर चालत नाही. येणाऱ्याला जागा देणारं शहरही लागतं. म्हणून मी वचन देणं सोडलं. जमलं तर येईन, एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेवढं अर्जात लिहायची गरज नाही.

त्याहून महत्त्वाचं दुसरं. कोलंबियातल्या त्यांच्या संशोधनातून १९२५ मध्ये जे पुस्तक निघालं, ते ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर आहे. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा विषय. ज्या माणसाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यानं पीएचडीसाठी राज्याच्या तिजोरीचा हिशेब मांडला. स्वतःचे अनुभव त्यांनी लिहिले, बडोद्याचा प्रसंगही लिहिला, पण वेगळ्या लिखाणात, नंतर. दुःख सांगताना दुःख सांगितलं आणि हिशेब मांडताना हिशेब मांडला. प्रवेशासाठी दुःखाची जाहिरात केली नाही.

आजचा अर्ज मात्र दोन्ही एकत्र मागतो. हजारेक शब्दांत तुम्ही कोण, काय सोसलं आणि काय शोधणार, सगळं सांगा. यात अर्ज वाचणाऱ्यांचा वाईट हेतू नसतो. त्यांना माणूस बघायचा असतो. पण आपण काय करतो? जे जास्तीत जास्त हलवून सोडेल ते पहिल्या ओळीत घालतो. माझ्याकडे आई होती.



शेवटच्या तारखेला नऊ दिवस होते तेव्हा मी ठरवलं, निबंध मराठीत करून आईला वाचून दाखवायचा. दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. मी वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, हंडे, रात्र, थकलेले डोळे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "लई भारी लिहिलीस. पण ही बाई मी नाही."

मी म्हटलं, "खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही की. पण मी काय रडत बसते का गं नळाजवळ? गल्लीत मोटर लावायची नाही पहिला अर्धा तास, हे कुणी ठरवलं? शेवटच्या घराला आधी भरू द्यायचं, हे कुणी ठरवलं? ते कुठं आहे यात?"

ते कुठंच नव्हतं. आमच्या गल्लीत पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कुणी नळाला मोटर लावत नाही, कारण मोटर लावली की खेच बसते आणि शेवटच्या तीन घरांना थेंब मिळत नाही. हा नियम कुठल्या कार्यालयानं केलेला नाही. तो बारा-पंधरा वर्षांपूर्वी मोठं भांडण झाल्यावर आईनं आणि शेजारच्या पद्मशाली काकूंनी दारोदार जाऊन पटवला. अर्ध्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, काही घरं कन्नड बोलणारी, आई मराठी. कसं पटवलं ते त्यांनाच ठाऊक. नियम मोडणाऱ्याच्या दारात जाऊन आई काहीही न बोलता नुसती उभी राहते, हे मी लहानपणापासून बघते आहे. ती रात्री जागी असते ती फक्त हंडे भरायला नाही. ती राखणीला असते.

म्हणजे मी जो विषय शिकायला सात समुद्र ओलांडून जाणार होते, तो विषय आई नळाजवळ बसून चालवत होती. आणि मी तिला निबंधात काय केलं होतं? थकलेले डोळे. चावीवाले काकांचं मी तक्त्यात जे केलं तेच. त्यांना दोषी केलं, हिला बिचारी केलं. दोन्ही वेळा ती माणसं जे समजून-उमजून करत होती तेवढं नेमकं वगळलं.

मला वाटतं चूक इथं आहे. आपल्या माणसांची गोष्ट सांगून पुढे जाण्यात मुळात पाप नाही. माणूस जिथून आला तिथलंच सांगणार. पण सांगताना त्यांची अक्कल काढून घ्यायची आणि फक्त त्यांचं सोसणं ठेवायचं, ही चोरी आहे. कारण मग त्या गोष्टीत विचार करणारं एकच माणूस उरतं, ते म्हणजे अर्जदार. बाकीचे सगळे त्या अर्जदाराची वाट बघत तहानलेले.

तुम्ही म्हणाल, आईला वाचून दाखवलं, तिनं हो म्हटलं, झालं की मग. ते एवढं सोपं नाही. कारण पुढे आई असंही म्हणाली, "तुझं काम होत असेल तर राहू दे तसंच. मला काय फरक पडतोय." आईचा होकार हा होकार नसतो. लेकीचं भलं होत असेल तर ती कशालाही हो म्हणेल. आणि उलटी बाजूही आहे. उद्या मी खरंच अभ्यास केला आणि लपूनछपून मोटर लावणाऱ्यांबद्दल लिहिलं, तर ते हो म्हणणार नाहीत. तरी लिहावंच लागेल. त्यामुळे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांची परवानगी ही कसोटी पुरत नाही.

मी स्वतःसाठी वेगळी कसोटी धरली आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवता आलं पाहिजे, आणि त्यानं "हे असं नाही" म्हटलं तर मला ते बदलता आलं पाहिजे. त्याला आवडलं नाही तरी चालेल. पण त्याला माझी चूक काढता आली पाहिजे. इंग्रजीतला अर्ज, सात समुद्रापलीकडची समिती, बंद लिफाफ्यातली शिफारसपत्रं, या सगळ्यात चूक काढायची सोय फक्त वरच्या बाजूला असते. प्राध्यापक माझी चूक काढू शकतात, चावीवाले काका नाही. ती सोय खालच्या बाजूला करणं कुणी माझ्याकडून मागितलेलं नाही. म्हणून ती माझी जबाबदारी आहे.



नऊ दिवसांत मी निबंध पुन्हा लिहिला. आता तो एका चुकीपासून सुरू होतो : एका इंजिनिअरनं खऱ्या आकड्यांचा तक्ता केला आणि चुकीच्या माणसाला दोषी ठरवलं. मग चावी, टाकी, वरची गल्ली. मग मोटर न लावण्याचा अर्धा तास आणि तो ठरवणाऱ्या बायका, ज्यांतली एक माझी आई. मग प्रश्न : पुरेसं पाणी नसताना आणि तक्रार ऐकणारा निवडून आलेला माणूस नसताना शहरं वाटणीचा न्याय कुठून आणतात, आणि सरकारी कागदाला तो न्याय दिसतो का? मैत्रिणीनं वाचून लिहिलं, "आधीचं जास्त भिडत होतं." तिचं खरं असेल. मी तरी तेच पाठवलं.

काकांनाही वाचून दाखवलं. टपरीवरच, चहा पिता पिता. त्यांनी एकच चूक काढली. मी लिहिलं होतं की ते वरच्या गल्लीसाठी थांबतात. ते म्हणाले, "नेहमी नाही ताई. कधी कधी खरंच उशीर होतो. माणूस आहे मी." मी तेही लिहिलं.

अर्ज दोन ठिकाणी गेलाय, एक बाहेर, एक इथंच. आता चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्के गुण असले तर एमए न करताही नेट देऊन पीएचडीला जाता येतं, माझ्यासारख्या इंजिनिअरला वेगळ्या विषयातही. फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. माझ्या पगाराहून बरेच कमी. घराचा हप्ता वडिलांनी कागदावर मांडून बघितला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. अजून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कुठूनच उत्तर आलेलं नाही.

तोवर ती शीट चालू आहे. तिच्यात आता दोन गल्ल्या आहेत आणि एक नवा रकाना आहे : टाकीची पातळी. तो काका भरतात, त्यांना जमेल तेव्हा फोन करून सांगतात. बऱ्याच ओळींत तो रिकामा असतो. रिकामा असला की मी तिथं अंदाजानं काही भरत नाही, आणि त्या दिवसाला लाल रंगही देत नाही.